मनगटाआधी जनरल रजिस्टर

(दृश्य: नागपुरातल्या मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल, सकाळ. मैदानाच्या कडेला तपासणीचं टेबल.)

सतरा वर्षांखालील मुलांचा सामना सुरू व्हायला थोडाच वेळ आहे. टेबलावर ओळखपत्रांची चळत. फोटो, जन्मतारीख, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. तपासणारे फोटो बघतात, समोरच्या मुलाकडे बघतात, मान डोलावतात. तेवढ्यात पलीकडून आवाज येतोच: "हे पोट्टं सतराच्या आतलं वाटते का जी तुम्हाले?"

शालेय स्पर्धांत वय मोजतात ते ३१ डिसेंबरला. २०२५-२६ च्या हंगामात सतराच्या गटासाठी जन्म १ जानेवारी २००९ चा किंवा त्यानंतरचा हवा. ३१ डिसेंबर २००८ ला जन्मलेला मुलगा थेट एकोणीसच्या गटात जातो. फरक एका रात्रीचा, पण तिथे त्याच्यासमोर त्याच्याहून जवळपास दोन वर्षांनी मोठी मुलं उभी असतात. शिवाय दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण आहेत आणि पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. तारीख सरकवण्याचा मोह मैदानापुरता नसतो तो यामुळे.

(दृश्य: मसुद्याची पानं.)

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहितेचा नवा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. आधीची संहिता २०१० ची. मसुद्यानुसार पहिल्या नोंदणीलाच तीन कागदपत्रं द्यायची. पडताळलेलं वय डिजिटल नोंदीत कायमचं कुलूपबंद होणार, खेळाडूला क्यूआर कोडचं ओळखपत्र मिळणार. कागदांत तफावत निघाली तर वैद्यकीय तपासणी. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांची बंदी आणि पदकं परत. दुसऱ्या गुन्ह्याला आजन्म बंदी आणि पोलिसांत गुन्हा. सामील असलेल्या प्रशिक्षकांवरही कारवाई.

चर्चा सगळी वैद्यकीय तपासणीची होते. म्हणून ती नीट समजून घेऊ.

(दृश्य: डाव्या हाताचा एक्स-रे.)

या पद्धतीचं नाव टीडब्ल्यू-थ्री. डाव्या हाताचा, मनगटासकट एक एक्स-रे. त्यात १३ हाडं बघतात: मनगटाला येऊन मिळणारी हाताची दोन लांब हाडं, आणि अंगठा, मधलं बोट व करंगळी यांच्या रेषेतली अकरा छोटी. प्रत्येक हाडाच्या टोकाची वाढ कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवून गुण द्यायचे, बेरीज करायची, तक्त्यातून हाडांचं वय काढायचं. किरणांची मात्रा नगण्य असते. अडचण निराळीच आहे. हा तक्ता मुलांसाठी साडेसोळाला आणि मुलींसाठी पंधराला संपतो. त्यापुढे हाड "पूर्ण वाढलेलं" एवढंच सांगता येतं. म्हणजे चौदाच्या गटात ही चाचणी कामाची, सतराच्या गटात काठावर, आणि एकोणीसच्या गटात तिच्याकडून काहीच कळत नाही.

सतरासाठी जागतिक फुटबॉलमध्ये मनगटाचा एमआरआय वापरतात. मनगटाजवळची वाढीची रेषा पूर्ण बुजलेली दिसली की मुलगा सतराच्या पुढचा धरतात. पण एक्स-रे तालुक्यालाही निघतो, एमआरआयसाठी मोठं रुग्णालय गाठावं लागतं. नागपूरच्या मुलाला मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स जवळ आहे. नागपूर विभागात मात्र वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीही येतात.

आणि हाडाचं वय म्हणजे जन्मापासूनचं वय नव्हे. पूर्ण निरोगी मुलातही दोन्हींत वर्षभराचा फरक सहज पडतो. लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगा अडकतो, अंगाने न भरलेला मोठा मुलगा सुटतो. कुपोषणात तर हाडं मागेच राहतात.

(दृश्य: शाळेचं कार्यालय. जाड बांधणीचं रजिस्टर.)

म्हणून मनगटाआधी हे रजिस्टर. शाळेत ह्याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला इथून निघतो, दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखही इथूनच जाते, आणि बऱ्याच घरांत आधारची तारीखसुद्धा शाळेच्या कागदावरून लागलेली असते. कागद तीन, नोंद एकच! ती पहिल्या दिवशी चुकली असेल तर तिन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि तफावत कधी निघतच नाही. मागच्या पिढीत गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली निम्मी गावं होती, त्यातलाच हा प्रकार.

आधार तर जन्मतारखेचा पुरावाच नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयनेच तसं स्पष्ट केलंय, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. मूळ कागद एकच उरतो: जन्म-मृत्यू नोंदणीचा दाखला. तोही नुसता बघून भागत नाही. जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख यांतलं अंतर बघायचं. नोंद २१ दिवसांच्या आत झाली असेल तर शंकेला जागा कमी. आठवीतल्या मुलाची नोंद गेल्या वर्षी झाली असेल तर रुग्णालयाचा कागद, लसीकरणाचं कार्ड मागायचं. काही दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसते आईवडील. अशा दाखल्यावर धाकट्या भावाची तारीख थोरल्याला चिकटते. नाव नोंदवायला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत आहे, ते काम महापालिकेच्या झोन कार्यालयात होतं.

मसुद्यात सहा महिन्यांची माफीची मुदतही आहे. खेळाडूने स्वतःहून खरं वय सांगितलं तर बंदी नाही, योग्य गटात प्रवेश. चांगलीच गोष्ट. पण दुरुस्ती खेळाच्या नोंदीत होते, जनरल रजिस्टरमध्ये जुनी तारीख तशीच राहते. ती मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात खोडता येत नाही, पुराव्यासह प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. मंजुरी दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी हातात आली पाहिजे. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तारीख छापली गेली की पुढचा फेरा बोर्डाकडे. तोवर त्या मुलाच्या मैदानावरच्या ओळखपत्रावर एक जन्मतारीख, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरी.

(दृश्य: नववीचा वर्ग. लिपिक रजिस्टर उघडून एकेक नाव जन्मदाखल्याशी ताडून बघतात.)