दिल्ली पाहावी पाण्याच्या मागाने

दिल्लीला जाणाऱ्या मराठी प्रवाशाची दोन दिवसांची यादी बहुधा ठरलेलीच असते: लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, आणि वेळ उरलाच तर करोलबागेतली खरेदी. या यादीत खोट काही नाही. परंतु तिच्यातून सुटीसुटी स्मारके दिसतात आणि ही राजधानी पुन्हा पुन्हा कशाच्या आधाराने वसली, हे उमगत नाही. ते समजून घ्यायचे असेल, तर मिनार आणि घुमट थोडे बाजूला ठेवून पाण्याच्या मागाने दिल्ली पाहावी, असे मी आपणांस सुचवणार आहे.

कुतुबमिनाराचा परिसर अरवलीच्या खडकाळ टोकाशी आहे आणि यमुना तेथून बरीच दूर वाहते. तेथील वस्तीला पाणी मिळावे म्हणून सुलतान इल्तुतमिशाने सुमारे १२३० साली हौज-ए-शम्सी हा तलाव बांधवला. पुढच्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. मिनाराशेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात लोदी काळातील ‘राजों की बावली’ ही पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंच्या कमानी मजल्यामजल्याने वर चढत जातात. मिनाराखाली छायाचित्रे काढून परतणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक तिथवर जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तुघलकाबादेत गियासुद्दीन तुघलकाची तांबड्या दगडाची कबर एकेकाळी तलावाच्या मधोमध होती आणि किल्ल्यातून तिच्याकडे जाण्यासाठी उंच बांधीव वाट होती. आज तलाव आटला आहे आणि ती वाट तोडून मोटारींचा रस्ता गेला आहे.

माझ्या मते, एका जागी निवांत बसून पाहावे असे ठिकाण म्हणजे हौज खास. अलाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी नगरासाठी हा तलाव खोदवला. पुढे तो गाळाने भरला, तेव्हा फिरोजशहा तुघलकाने तो उपसून घेतला आणि १३५२ च्या सुमारास त्याच्या काठावर मदरसा उभारला. या मदरशाच्या दोन भुजा काटकोनात जिथे मिळतात, तिथेच फिरोजशहाने स्वतःच्या कबरीची जागा धरली. नवा तलाव खोदून आपले नाव लावण्याऐवजी दुसऱ्याचा गाळाने भरलेला तलाव साफ करणारा राज्यकर्ता विरळाच, आणि म्हणूनच मला या सुलतानाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते. मूळ तलावाच्या मानाने आजचे पाणी पुष्कळ कमी आहे. तरी वरच्या सज्जांतून पाहिले की विद्येचे घर पाण्याच्या काठी का बांधले असेल, हे सांगावे लागत नाही.

शहाजहानने १६३९ साली लाल किल्ल्याचा पाया घातला, तो मात्र यमुनेच्या अगदी काठावर. नदी पूर्वेकडे सरकल्यामुळे आज तटाबाहेर रिंग रोड दिसतो. किल्ल्याच्या महालांमधून ‘नहर-ए-बहिश्त’ हा पाट खेळवलेला होता, आणि बाहेर चांदनी चौकाच्या मधूनही कालवा वाहत असे. पाटाची कोरडी संगमरवरी खाच आजही महालांतून पाहता येते. ती पाहत पाहत आपण दिवाण-ए-खासमध्ये पोहोचतो. तिथे मराठी माणसाने मान वर करून छत अवश्य पाहावे. त्यावरची चांदी १७६० साली सदाशिवरावभाऊंनी काढून सैन्याच्या खर्चासाठी आटवली, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. दिल्ली हातात आली, तरी फौजेला पोसायला पैसा नव्हता, ही अडचण इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या छताखाली अधिक नीट कळते.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. मेहरौली आणि हौज खास एकाच दिवशी जमतात. तुघलकाबाद मात्र उघड्यावर असल्याने सकाळी लवकर उरकावे, आणि शक्यतो थंडीतच.