आपण इथे असता तर…

नमस्कार श्रोतेहो.

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं नगर जिल्ह्यात. आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. व्याकरणात क्रियापदाच्या अर्थांचा एक पाठ असायचा. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिल्या तीन अर्थांशी मुलांचं भांडण नसे. गाडी अडायची ती संकेतार्थापाशी. मग फळ्यावर ठरलेलं वाक्य लिहायचं: 'पाऊस पडला असता तर पीक आले असते.' एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण पेरलंच नव्हतं." वर्ग हसला, मीही हसले. पोरगा पारनेरकडचा होता, आणि त्या साली त्याच्या गावात खरोखरच कुणी पेरलं नव्हतं.

आज बोलायचंय ते ह्या संकेतार्थाबद्दल. असतं तर, नसतं तर, केलं असतं तर. व्याकरणात तो दोन तासांत संपतो. घरात शिरला की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

माझ्याकडे तो एका पावसाळ्यातल्या रात्री आला. अकराच्या सुमारास आमचे मिस्टर म्हणाले, छातीत जळजळतंय. दुपारी एका लग्नात जेवण झालं होतं, तेलकट होतं. "पित्त झालंय," ते म्हणाले, आणि मीही पित्तच म्हटलं. गार दूध दिलं. त्यांनी अर्धा पेला घेतला, उरलेला खिडकीत ठेवला. पहाटे चारला मी उठले तेव्हा ते गेलेले होते. सकाळी माणसं जमली, त्या गडबडीत कुणीतरी तो पेला विसळून पालथा घातला. कुणी, ते मला आजही माहीत नाही. पण पुढची कित्येक वर्षं मला तो पेला खिडकीतच दिसायचा, अर्धा भरलेला. रात्रीच गाडी बोलावली असती तर. पित्त म्हटलं नसतं तर. लग्नालाच गेलो नसतो तर.

भेटायला येणारे समजूत घालत. "देवाची योजना असते, बाई." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते वाक्य मला त्या दिवसांत नको वाटायचं. अजूनही मी कुणाच्या दारात जाऊन ते म्हणत नाही. बायबलमधल्या ईयोबानं मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, तेवढं त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.

अंत्यविधीला पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचला होता. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना तो पाठ असतो. बेथानी गावचा लाजर आजारी पडतो. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला निरोप पाठवतात. निरोप पोचतो. आणि येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहतो. हे शास्त्रात स्पष्ट लिहिलंय आणि ते वाचताना मला अजून अडखळायला होतं. तो बेथानीला येतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. बेथानी यरुशलेमेपासून जेमतेम कोसभर, त्यामुळे शहरातून समाचाराला आलेल्या माणसांनी घर भरलेलं. मार्था उठून वाटेवरच त्याला गाठते आणि म्हणते, "प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता."

अंत्यविधीच्या दिवशी माझ्या कानावरून ते नुसतंच गेलं. दोनेक वर्षांनी एका रात्री झोप येईना म्हणून अध्याय उघडला, आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. अगं, हा तर संकेतार्थ! फळ्यावर लिहावं असं वाक्य.

पुढे वाचलं. थोड्या वेळानं मरीया येते, त्याच्या पाया पडते आणि काय म्हणते? तेच. आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मूळ ग्रीकमध्येही दोघींची वाक्यं जवळजवळ शब्दाला शब्द सारखी आहेत. दोघी वेगवेगळ्या वेळी भेटल्या, तरी वाक्य एक. ह्याचा अर्थ उघड आहे. चार दिवस त्या घरात हेच चाललं होतं. चुलीपाशी, दारात, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, एक बहीण दुसरीला म्हणत असणार: तो इथे असता तर. आणि जमलेले लोक तरी कुठे मागे राहतात? ह्यानं आंधळ्याचे डोळे उघडले, मग ह्याला हा मरू नये असं करता आलं नसतं का? प्रत्येक गावातल्या प्रत्येक मयतीत कोपऱ्यात बसून असं बोलणारे दोघेतिघे असतातच.

मार्थेला प्रभू रागावला नाही. 'अविश्वासू बाई' म्हणाला नाही. खरं तर हे वाक्य तक्रारीचं आहे, तोंडावर केलेली तक्रार. तू वेळेवर आला नाहीस. त्यानं ती ऐकून घेतली. मरीयेचं ऐकून तर तो रडला. मग त्यानं उत्तर दिलं, पण संकेतार्थात दिलं नाही. मी असतो तर काय झालं असतं, ह्यावर त्यानं एक अक्षर काढलं नाही. मार्थेला तो म्हणाला, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. 'आहे', साधा वर्तमानकाळ. मग तिला विचारलं, हे तू खरं मानतेस का? आणि कबरेपाशी आल्यावर निव्वळ आज्ञार्थ: धोंड काढा. त्यावरही मार्था म्हणतेच, प्रभूजी, आता दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. मला ही बाई फार आवडते. तिचं लक्ष शेवटपर्यंत व्यवहारावर आहे.

लाजर उठून बाहेर आला. आमचे मिस्टर आले नाहीत. एवढं गाळून मी पुढे बोलत राहिले तर तुम्ही रेडिओ खुशाल बंद करा. पण त्या रात्री एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी दोन वर्षं तो 'असतं तर' एकटीच चघळत होते, जणू ते पाप आहे, देवापासून लपवायचं आहे. प्रार्थनेत मी आभार मानायचे, मुलांसाठी मागायचे, मंडळीसाठी मागायचे. पेल्याबद्दल कधी बोलले नाही. त्या रात्री बोलले. पहिल्यांदा भांडले म्हणा. सकाळी काही वेगळं झालं नव्हतं, खिडकी तीच होती. पण त्या दिवशी मी तिथं कोथिंबिरीची कुंडी ठेवली.

ह्याच धर्तीचं दुसरं वाक्य प्रेषितांच्या कृत्यांत आहे, सव्विसाव्या अध्यायाच्या अगदी शेवटी. ख्रिस्ताचा प्रेषित पौल कैसरिया शहरात दोन वर्षं कैदेत आहे. त्यानं कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली आहे, म्हणजे आता त्याला रोमला पाठवावंच लागणार. अग्रिप्पा राजा त्याचं म्हणणं ऐकतो आणि बाजूला जाऊन फेस्त सुभेदाराला सांगतो: ह्या माणसानं कैसराजवळ न्याय मागितला नसता तर ह्याला सोडून देता आलं असतं. काय वाक्य आहे! एक अर्ज केला नसता तर माणूस त्या दिवशी मोकळा होता. पुढे त्याच्या वाट्याला काय आलं? समुद्रात वादळ, मेलितेच्या, म्हणजे आजच्या माल्टा बेटाच्या, किनाऱ्यावर फुटलेलं तारू, आणि रोममध्ये पहाऱ्यावरच्या शिपायाबरोबर भाड्याच्या घरात दोन वर्षं. कोर्टकचेरीत अडकलेला आपला कुणी असता, तर 'तो अर्ज केला नसता तर' हेच त्यानं मरेपर्यंत ऐकवलं असतं.

फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पौलानं पत्र लिहिलं ते ह्याच रोमच्या कैदेतून असं परंपरेनं मानतात. तिथल्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती, तिची ही पोच. आभार मानता मानता तो लिहितो, ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. शिकवण्यात जन्म गेल्यामुळे माझी नजर 'शिकलो' ह्या शब्दावर थांबते. जन्मतः होतो म्हणत नाही, बाप्तिस्मा झाला आणि आपोआप झालो असंही म्हणत नाही. शिकणं म्हणजे चुकणं आलं, पुन्हा गिरवणं आलं, एखाद्या इयत्तेत दोनदा बसणं आलं. आणि लगेच पुढे तो म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. म्हणजे मला काही नको, असा ताठा नाही. मदत घेतो, आणि संतुष्टही आहे.

उलट बाजूला इस्राएल लोक बघा. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटले, रानात आले आणि रडायला लागले. आठवलं काय? काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. पाठीवरचे फटके विसरले, कांदा लक्षात राहिला. आम्ही कांद्याच्या मुलखातली माणसं, त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही. पण 'असतं तर'ची खोड अशी आहे. जे घडलं नाही त्याला ते तेल-मीठ लावून चविष्ट करतं.

आता कुणी विचारेल, संतुष्ट राहायचं म्हणजे हात बांधून बसायचं का? ह्याचं उत्तर मी पंडिता रमाबाईंकडे शोधते. जन्म 1858 चा. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून निजले. मग भाऊही गेला. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत 1882 मध्ये पती पटकीनं गेले. पदरात लहान मुलगी, मनोरमा. डॉक्टर व्हावं म्हणून 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी तिथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत गेलं आणि वैद्यकीचं दार बंद झालं. एवढ्या 'असतं तर'नी एखादं माणूस गाडलं गेलं असतं. त्यांच्या मनात काय चालत होतं ते मी कोण सांगणार? पण हात काय करत होते ते दिसतं. 1889 मध्ये मुंबईत विधवांना शिकवण्यासाठी शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळ पडला, 1896-97 चा, तेव्हा स्वतः जाऊन शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. लहानपणी दुष्काळानं घर खाल्लं होतं त्याच बाईनं दुष्काळातल्या मुलींना घर दिलं. आपल्या गेलेल्या दिवसांबद्दल संतोष आणि दुसऱ्याच्या भुकेबद्दल असंतोष, दोन्ही एका माणसात नांदू शकतात.

आईपाशी संस्कृत व्याकरण शिकलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला बसली. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच. काम चालू असताना जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं ती. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला रमाबाईही गेल्या. भाषांतर पुरं झालेलं होतं. ते छापून 1924 मध्ये बाहेर आलं. मला राहून राहून वाटतं, मार्थेच्या त्या वाक्याशी आल्यावर ह्या व्याकरण जाणणाऱ्या बाईची लेखणी थोडी तरी थबकली असेल.

एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात थोरल्या मुलाचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, गॅसचा नंबर, नातीची परीक्षा. मग मध्येच म्हणाला, "आई, त्या शनिवारी मी येणार होतो. आलो असतो तर पप्पांना रात्रीच नेलं असतं."

बारा वर्षं झाली. बारा वर्षं तो तिकडे एक वाक्य म्हणत होता आणि मी इकडे दुसरं. मार्था-मरीया निदान एका घरात होत्या.

मी त्याला पेल्याबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "दुधाचं मला माहीतच नव्हतं."

मग नाक ओढून म्हणाला, "रविवारी येतो. उपासनेला बरोबरच जाऊ. शेवग्याच्या शेंगा असल्या तर आमटी कर."

म्हटलं, असल्या तर कशाला? दारात झाड लगडलंय. शिडी घेऊन तूच काढ.