हत्तीनच्या वाटेवरचे पाणी

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘क्रुसेडर नाइट्सची पथके आणि रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळांतील आज्ञापालन’ असा छापला आहे. क्रुसेडर म्हणजे जेरुसलेमसाठी धर्मयुद्धात उतरलेले मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धे, नाइट म्हणजे त्यांतले चिलखती घोडेस्वार, आणि रिअल-टाइम स्ट्रॅटेजी म्हणजे ज्यांत घड्याळ न थांबता सैन्याला हुकूम द्यावे लागतात ते संगणकीय खेळ. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु गेली कित्येक वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला आज्ञापालनावर एक शब्दही धड बोलता येणार नाही, आणि ती गोष्ट पाण्याची आहे. या सभागृहातील बहुतेकांनी माउसने चौकोन ओढून शिपाई निवडण्यात आयुष्यातले पुष्कळ तास घालवले आहेत, त्यामुळे रिसोर्स म्हणजे काय आणि युनिट म्हणजे काय, हे समजावण्यात मी वेळ दवडत नाही. एवढेच विचारतो, की त्या शिपायांपैकी एकाला तरी पाणी पिताना आपण कधी पाहिले आहे का?

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ १९९९ मध्ये आला. त्यातील मुसलमान सुलतान सलादिन याच्या मोहिमेतला तिसरा प्रसंग हत्तीनच्या लढाईचा आहे. कॉलेजात असताना एका सायबर कॅफेत मी तो प्रथम खेळलो. एप्रिलची दुपार होती, कॅफेत एकच पंखा होता आणि दाराशी स्टुलावर पाण्याने भरलेली कळशी व तिच्यावर पालथा घातलेला पेला ठेवलेला असे. त्या एका डावात मी तीन वेळा उठून पाणी प्यायल्याचे मला स्पष्ट आठवते. पडद्यावर मात्र नखशिखान्त लोखंडात जखडलेले घोडेस्वार मॅपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळवंट तुडवीत गेले आणि निघताना जेवढे ताजे होते तेवढेच ताजे पोहोचले. अन्न, लाकूड, सोने आणि दगड अशा चार गोष्टी तेथे जमवाव्या लागतात. पाणी हे फक्त जहाजे चालवण्यासाठी आणि मासे पकडण्यासाठी असते. हा खेळ मला अतिशय प्रिय आहे, हत्तीन हे नाव मला त्यानेच शिकवले, आणि म्हणूनच पुढे इतिहासाची पुस्तके उघडल्यावर मला जो धक्का बसला तो आपल्याला सांगावासा वाटतो. ज्या लढाईचा निकाल तहानेने लावला, ती लढाई मी तहानेशिवाय जिंकली होती.

खरी हकीकत अशी आहे. जुलै ११८७ च्या आरंभी जेरुसलेमच्या ख्रिस्ती, म्हणजे क्रुसेडरांच्या, राज्याचे सैन्य सफूरिया येथे तळ देऊन होते. सुमारे १,२०० नाइट, तुर्कोपोल म्हणून ओळखले जाणारे हलके घोडेस्वार आणि हजारोंचे पायदळ, असा तो सरंजाम होता, आणि सफूरियाला तो थांबला होता याचे कारण तेथील झरे. २ जुलैला सलादिनने तिबेरियास शहर घेतले. किल्ल्यात याच ख्रिस्ती सैन्यातील सरदार काउंट रेमंड याची पत्नी एशिवा अडकून पडली. आता खरे तर रेमंडनेच सर्वांत आधी घोड्यावर मांड टाकायला हवी होती. परंतु त्या रात्रीच्या मसलतीत जाऊ नका, असे सांगणारा माणूस तोच होता, कारण मधल्या वाटेवर एवढ्या घोड्यांना पुरेल असे पाणी नाही, हे त्याला ठाऊक होते. जेरुसलेमचा राजा गी याला ते पटलेही. मग मसलत संपल्यावर टेम्पलर या लढाऊ ख्रिस्ती धर्मसंघाचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, जेरार राजाच्या तंबूत एकटा गेला, त्याने राजाचे मन फिरवले, आणि ३ जुलैच्या पहाटे कूच करण्याचा हुकूम सुटला.

सफूरियापासून तिबेरियासपर्यंतचे अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर आहे. वाटेत तुरआनचा झरा लागतो. सैन्य तेथवर पोहोचले आणि दिवस चढत असताना तो मागे टाकून पुढे निघाले. ते पुढे सरकताच सलादिनच्या फौजेच्या दोन्ही बाजू वळसा घालून मागे आल्या आणि त्यांनी झरा बळकावला. त्या क्षणी तलवारीला तलवार फारशी भिडलेलीही नव्हती, तरी माझ्या मते लढाई तेथेच संपली होती. पिछाडीला असलेल्या टेम्पलरांवर घोडेस्वार तिरंदाज दिवसभर बाण सोडत राहिले, रांगेचा वेग मंदावत गेला, आणि अखेर मस्कानाजवळ पाण्याविना मुक्काम पडला. सलादिनच्या छावणीत मात्र उंटांवरून तिबेरियासच्या तळ्याचे पाणी येत होते, बाणांची ४०० ओझी वाटली जात होती आणि आणखी बाण लादलेले ७० उंट रणभूमीवर सज्ज होते. दुसऱ्या दिवशी वाळलेले गवत पेटवण्यात आले व धूर तहानलेल्यांच्या घशात गेला. पायदळाची फळी मोडली आणि माणसे हत्तीनच्या जोडटेकडीकडे, त्या दोन शिंगांकडे, धावली. शिंगांच्या माथ्यावरून तळे दिसते. त्या माणसांना ४ जुलैच्या दुपारी गोड्या पाण्याचे ते अथांग तळे डोळ्यांनी दिसत होते आणि तेथपर्यंत पोहोचता येत नव्हते, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

लढाईनंतरचा प्रसंगही पाण्याचाच आहे. कैद झालेल्या राजा गी याला सलादिनने आपल्या तंबूत बर्फाने गार केलेले पेय दिले. राजाने ते प्यायले आणि पेला शेजारी बसलेल्या, कैद झालेल्या क्रुसेडर सरदार रेनॉ द शातियाँकडे सरकवला. तेव्हा सलादिनने दुभाष्याकडून राजाला बजावले, की याला पेय तू दिले आहेस, मी दिलेले नाही. पाहुण्याला पाणी दिले की त्याला अभय मिळते, असा तो रिवाज होता. तो रेनॉला लागू झाला नाही, आणि थोड्याच वेळात त्याचे मस्तक उडाले.

हे सारे वाचल्यानंतर काही वर्षांनी मी खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला लागलो. तेथे क्रुसेडर पथकांवर एक खेळ करावा, असा विचार चालू होता, आणि मी अकरा पानांचे टिपण लिहून पाण्याची मागणी केली. बैठकीत मला सांगण्यात आले, की खेळणाऱ्यांना लढायचे असते, पखाली मोजायच्या नसतात. त्या उत्तराने मी फार दुखावलो. पुढच्या रविवारी, मे महिन्यात भर दुपारी, मी आमच्या गच्चीवर अंगाभोवती जाड गोधडी दोरीने बांधली, पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ घेतला आणि फेऱ्या मारायला सुरुवात केली. चिलखताखाली नाइट जो शिवलेला जाड अंगरखा घालीत, त्याला आपल्याकडे सर्वांत जवळची वस्तू गोधडीच आहे. पंचवीस मिनिटांनी माझे बोलणे अडखळू लागले, चाळीस मिनिटांनी आईने मला खाली बोलावले, आणि त्यानंतर तासाभरात मी सव्वादोन लिटर पाणी प्यायलो. हा आकडा मी वहीत लिहून दुसऱ्या दिवशी कचेरीत दाखवला. तो खेळ पुढे निघालाच नाही, परंतु ती वही मी आजही सोबत आणली आहे. कुणाला पाहायची असल्यास व्याख्यानानंतर जरूर पाहावी.

माणसाचे एवढे, तर घोड्याचे किती? उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला तीस ते पन्नास लिटर पाणी सहज लागते. १,२०० नाइट, प्रत्येकाचा एकच घोडा आणि चाळीस लिटर एवढाच हिशेब धरला, तरी ४८,००० लिटर होतात. हे पाणी पाठीवर न्यायचे तर दीडशे लिटरच्या मापाने तीनशेवीस उंट पाहिजेत, आणि यात पायदळाचा एक घोटही धरलेला नाही. पुन्हा टेम्पलर नाइटजवळ नियमाने तीन घोडे असत. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून मॅपकडे पाहिले, की झरे हेच किल्ले वाटू लागतात.

काही खेळांनी या दिशेने पावले टाकली आहेत, आणि ते मान्य केलेच पाहिजे. २००२ च्या ‘स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर’मध्ये शेती फक्त मरूद्यानाच्या हिरव्या पट्ट्यावर करता येते, त्यामुळे त्या पट्ट्यासाठी खऱ्या अर्थाने झगडावे लागते, विहीर मात्र तेथे आग विझवण्यासाठी आहे. त्याच वर्षीच्या ‘मेडिव्हल : टोटल वॉर’मध्ये जड चिलखत घातलेली तुकडी वाळवंटात लवकर थकते. बुडापेस्टच्या निओकोर या कंपनीने २००८ मध्ये पहिल्या धर्मयुद्धावर आणि २०१० मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड व सलादिन यांच्यावर जे खेळ काढले, त्यांत पथक हेच केंद्र आहे.

आता मी पथकाकडे वळतो, आणि येथे माझ्या हाती एक फार मोलाचा पुरावा आहे. टेम्पलरांची जुन्या फ्रेंच भाषेतील नियमावली उपलब्ध आहे. तिच्यात कूच करताना पाणी कसे प्यावे, याचे कलम आहे! वाहते पाणी लागले तर रांगेला धोका न आणता घोड्यांना पाणी पाजावे. परंतु धोक्याच्या मुलखात निशाण जर पाण्यावरून न थांबता पुढे गेले, तर कुणीही परवानगीवाचून घोडा पाण्यावर नेऊ नये, आणि निशाण पाण्यासाठी थांबले तर मात्र परवानगी मागण्याची गरज नाही. म्हणजे घोड्याची तहान आणि पथकाचे निशाण या दोन गोष्टी त्या नियमाने एकाच दोरीत बांधल्या आहेत. ज्याने हे लिहिले त्याने तहानलेला घोडा पाण्याच्या वासाने कसा ओढ घेतो, हे नक्कीच पाहिलेले असणार. निशाणाची व्यवस्थाही तेथे बारकाईने दिली आहे. मार्शलने, म्हणजे संघाच्या सेनाधिकाऱ्याने, निशाणाभोवती दहापर्यंत नाइट ठेवावेत आणि त्यांतल्या एकाने आपल्या भाल्याभोवती दुसरे निशाण गुंडाळून बाळगावे; पहिले पडले, फाटले, तर त्याने ते उलगडायचे. निशाण खाली झुकवून त्याचा भाल्यासारखा वापर करणे हा गंभीर अपराध होता, कारण ते झुकलेले पाहून मागच्यांना वाटावे की सारे संपले. आपले निशाण दिसेनासे झाले तर हॉस्पिटलर या दुसऱ्या लढाऊ धर्मसंघाच्या किंवा अन्य ख्रिस्ती निशाणाकडे जावे, असेही लिहिले आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा पत्रिकेवरचा मुद्दा मला आता वेगाने मांडावा लागेल.

२००४ च्या ‘डॉन ऑफ वॉर’ने शिपायांऐवजी पथक निवडायला शिकवले आणि पथकाला मोराल, म्हणजे मनोधैर्य, दिले, २००६ च्या ‘कंपनी ऑफ हीरोज’मध्ये माघारीचे बटण दाबले की पथक धावत तळावर परतते. या दोन्ही खेळांत आज्ञा क्लिक करताच पोहोचते. क्रुसेडर पथकात आज्ञा निशाणातून आणि तुतारीतूनच पोहोचली पाहिजे, आणि धुरात, धुळीत निशाण दिसले नाही तर ती पोहोचता कामा नये. हे माझे मुख्य म्हणणे आहे. पडद्यावर घोड्याची तहान स्वारापासून वेगळी दाखवावी. पाण्याजवळून रांग जात असताना निशाण थांबवायचे की नाही, हा निर्णय खेळणाऱ्याने घ्यावा. थांबला तर तिरंदाज गाठतील, न थांबला तर घोडे रांग सोडू लागतील. निशाणाचा स्वार पडला तर गुंडाळलेले निशाण उलगडेपर्यंतचे काही क्षण पथक बहिरे राहावे.

आज्ञाभंगाचे उदाहरण अर्सूफच्या लढाईचे घ्यावे. ऑगस्ट ११९१ मध्ये रिचर्ड अक्रा बंदराहून जाफा बंदराकडे सैन्य घेऊन निघाला तेव्हा हत्तीनचा धडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याने समुद्रकाठ धरला, रसद जहाजांवर ठेवली, उन्हाआधी सकाळीच मजल मारली, पायदळाची एक फळी बाणांच्या बाजूला आणि दुसरी समुद्राच्या बाजूला विसावा घेत चालवली. ७ सप्टेंबरला पिछाडीचे हॉस्पिटलर बाणांनी हैराण होऊन चढाईची परवानगी पुन्हा पुन्हा मागत होते, तो थांबा म्हणत होता. सहा तुताऱ्यांचा संकेत ठरला होता. तो होण्यापूर्वीच हॉस्पिटलरांचा मार्शल आणि आणखी एक नाइट घोडे उधळून सुटले. रिचर्डने त्यांना मागे बोलावण्याचा प्रयत्न न करता साऱ्या सैन्याला त्यांच्यामागे सोडले आणि दिवस जिंकला. म्हणून माझ्या आराखड्यात प्रत्येक पथकाची सोशिकता पडणाऱ्या बाणांनी झिजते आणि ती संपली की पथक आपणहून धावते. खेळणाऱ्याने त्या क्षणी त्याच्यामागे सर्वस्व लावायचे की त्याला त्याच्या दैवावर सोडायचे, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचे.

या आराखड्याचा पहिला मॅप मी आणि दोन मित्रांनी मिळून रविवारी-रविवारी बसून तयार केला आहे. तो सफूरियाच्या झऱ्यांपाशी, २ जुलैच्या रात्री सुरू होतो. एका बाजूला कूच करण्याची आज्ञा आहे आणि दुसऱ्या बाजूला झऱ्यापाशीच थांबण्याची. थांबलात तर तिबेरियासचा किल्ला पडतो, एशिवा शत्रूच्या हाती लागते आणि दरबारात तुम्हाला भ्याड म्हटले जाते. परंतु सकाळी १,२०० घोडे पाणी पिऊन उभे असतात. मागे टेबलावर लॅपटॉप मांडला आहे, ज्यांना खेळून पाहायचे असेल त्यांनी रांगेने यावे.