पहिल्या कोंबड्या कुठून घ्यायच्या?

नमस्कार मंडळी. परसात चार-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "जात कोणती घेऊ?" मी म्हणेन, जातीचं नंतर बघू, आधी विकणारा नीट शोधा. उत्तम जातीची पण आजारी कोंबडी आणलीत, तर अख्खं खुराडं बसायला वेळ लागत नाही. साध्या जातीची निरोगी कोंबडी मात्र वर्षानुवर्षं साथ देते.

सगळ्यात सहज मिळतात ती हॅचरीतली, म्हणजे यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्रातली, एक दिवसाची पिल्लं. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरतं, म्हणून पिल्लं लांबवर पाठवता येतात. हॅचरीचा मोठा फायदा म्हणजे मरेक्स या विषाणूच्या रोगावरची लस. ही लस पिल्लू अंड्यात असताना किंवा बाहेर आल्याच्या पहिल्या दिवशीच द्यायची असते. घरी आणून आठवड्याने द्यायला गेलात तर फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर विषाणू बहुधा पोचलेला असतो. मरेक्स झालेली कोंबडी एक पाय पुढे, एक पाय मागे अशी पडून राहते आणि त्यावर औषध नाही. तेव्हा ऑर्डर देतानाच विचारा, मरेक्स देऊन पाठवता का?

पण पिल्लं घेतली की ऊबही तुम्हालाच द्यायची. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या दिव्याच्या पेटीत, साधारण 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असं पिसं पूर्ण फुटेपर्यंत. एका रात्री दिवा गेला तर सकाळी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरलेली सापडतात. शिवाय नर-मादी न निवडता घेतलीत तर निम्मे कोंबडे निघणार हे धरून चला. निवडून दिलेल्या पिल्लांतही एखादा कोंबडा निघतोच.

उबवायची अंडी आणायचा विचार असेल, तर पहिल्याच खेपेला नको. 21 दिवस सांभाळायचं, प्रवासात हलल्यामुळे काही अंडी फुकट जातात, आणि निम्मे कोंबडे इथेही आहेतच. घरात खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी असेल तेव्हा जरूर करा.

मग नवख्याने घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घ्या. आठ ते सोळा आठवड्यांच्या, पिसं भरलेल्या, लसीकरण झालेल्या. ऊब द्यायची गरज उरलेली नसते, आणि बऱ्याच जातींमध्ये नर-मादी डोळ्यांनी ओळखू येतात. जातीप्रमाणे अठरा ते चोवीस आठवड्यांच्या सुमारास त्या अंड्यावर येतात. फक्त "आता अंड्यावर येईल" म्हणून कोणी म्हातारी कोंबडी गळ्यात मारत नाही ना, ते तपासून घ्या.

(कोंबडी काखेत धरून, कॅमेऱ्याकडे शेपटी करून)

हे बघा. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ही दोन टोकदार हाडं लागतात. हिच्यात माझं एकच बोट जेमतेम बसतंय, म्हणजे ही अजून अंड्यावर आलेली नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीत इथे दोन-तीन बोटं सहज बसतात. आता पाय बघा, खवले गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेले. खवले वर उचललेले, खरबरीत दिसले तर आत किडे आहेत असं समजा. आणि इथली पिसं अशी बाजूला करा. उवा असतील तर उजेड पडताच पळताना दिसतात, पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे दिसले तर ती उवांची अंडी. छातीचं हाडही चाचपा, सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी खंगलेला आहे.

पण हातात घेण्याआधी थोडा वेळ लांब उभं राहून नुसतं बघा. कोण पिसं फुलवून डोळे मिटून बसलंय? कोण शिंकतंय? छातीत घरघर येते का, हे कोंबड्या शांत झाल्यावर ऐकू येतं. एक जरी तशी दिसली, तरी शेजारची धडधाकटही घेऊ नका.

बाजारातून घेण्याला माझा विरोध याच कारणाने आहे. तिथे अनेक घरांचे पक्षी एका पिंजऱ्यात येतात. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या सर्दीतून उठलेली कोंबडी दिसायला ठणठणीत असते, पण आयुष्यभर तो रोग बाळगून असते आणि इतरांना देत राहते. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बरेचदा पाच-सहा दिवस जातात. तोवर विकणारा कुठे शोधणार?

मोठ्या पोल्ट्रीतून दीड वर्षाच्या आसपास काढून टाकलेल्या कोंबड्याही मिळतात. त्या स्वस्त पडतात, आणखी काही काळ अंडीही देतात, फक्त संख्या घटत जाते. चोच छाटलेली असते, मोकळ्यावर सोडलं की सुरुवातीला बुजतात, पण रुळतात. ज्यांना लगेच अंडी हवीत त्यांनी घ्यायला हरकत नाही, मात्र लहान पिल्लांच्या सोबतीला नकोत.

विकणाऱ्याला दोन गोष्टी विचाराच. कोणत्या लसी कधी दिल्या? आणि अलीकडे बाहेरून नवीन पक्षी आणलेत का? जो तारखा दाखवतो, तो आपला माणूस. त्याने तुम्हाला शेडमध्ये जाऊ दिलं नाही, लांबूनच दाखवलं, तर राग मानू नका. तुमच्या चपलेवरून रोग आत येऊ नये म्हणून तो जपतोय, आणि असाच माणूस तुम्हाला हवाय.

सगळ्या कोंबड्या एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी आणा, निदान तीन तरी, कारण एकटी कोंबडी झुरते. पुढे भर घालायची झाली, तर नव्यांना महिनाभर लांब, वेगळं ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, शेवटी नव्यांना, आणि नव्यांकडे जायची चप्पल वेगळी.

आणायला शक्यतो संध्याकाळी जा. भोकं पाडलेल्या खोक्यात भुसा घाला, आणि निघताना त्यांचं रोजचं खाद्य आठवडाभर पुरेल एवढं मागून घ्या. जागा बदलली त्यात खाद्यही एकदम बदललं तर कोंबड्या खाणं सोडतात, म्हणून तुमचं खाद्य त्यात रोज थोडं थोडं मिसळत जा.