कान गेले, नाद गेला नाही

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. संकेतस्थळासाठी थोडे संपादित.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय माझ्यावर सोपवला होता. तो मला आठच दिवसांत घरात सापडला. रविवारी कोल्हापूरला आईला फोन लावला होता आणि माझी मुलगी शेजारी बसली होती. बाबा कुठे आहेत, असं मी विचारलं. आई म्हणाली, "गेल्यात भजनाला. कान गेलं, पर नाद गेला न्हाई."

फोन ठेवल्यावर मुलीनं विचारलं, "आई, नाद म्हणजे आवाज ना? मग कान गेल्यावर आवाज कसा नाही गेला?"

तिचा प्रश्न बरोबर होता. शनिवारच्या आपल्या मराठी वर्गात तिनं घंटानाद, शंखनाद हे शब्द लिहिलेत, त्यामुळे तिला नाद म्हणजे ध्वनी एवढंच माहीत आहे. आई बोलत होती ती दुसऱ्या नादाबद्दल. हा दुसरा नाद कुणी कोल्हापूरकराला शिकवत नाही, तो त्याला आपोआप लागतो. त्या दिवसापासून हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलते.

आधी त्याचं मूळ सांगते. संस्कृतात 'नद्' म्हणजे आवाज करणं. नदी हा शब्दसुद्धा त्याच धातूचा. अथर्ववेदात पाण्याला उद्देशून म्हटलंय की, तुम्ही वाहताना नाद केलात म्हणून तुमचं नाव नदी पडलं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांची मिळून आमची पंचगंगा होते. पावसाळ्यात ती पात्राबाहेर आली की अर्ध्या गावाची झोप उडते, तेव्हा हे नाव अगदी पटतं. पुढे संगीतशास्त्रानं नादाचे दोन प्रकार केले. आघातातून निघतो तो आहत आणि आघाताशिवाय योग्याला आतून ऐकू येतो तो अनाहत. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत बसून शार्ङ्गदेवांनी लिहून ठेवलं की नादातून वर्ण, वर्णातून पद, पदातून वाणी आणि वाणीवर सगळा व्यवहार. म्हणून हे जग नादाच्या अधीन आहे.

जग नादाच्या अधीन असतं हे कोल्हापुरातल्या कुठल्याही आईला शार्ङ्गदेव न वाचताच ठाऊक असतं. फक्त ती ते रागानं म्हणते.

आता आपली भाषा या शब्दाचं काय करते ते बघा. मला यातलं सगळ्यांत आवडतं ते व्याकरण. "त्याला नाद लागला" म्हटलं की कर्ता नाद असतो. तहान लागते, ठेच लागते, तसा तो माणसाला लागतो, आणि माणूस बिचारा 'त्याला' होऊन बाजूला उभा राहतो. त्यात त्याचा दोष नाही. पण "तो नादी लागला" म्हणा, की लगेच कर्ता बदलतो. 'नादी' ही घरी, दारी यांसारखी जुनी सप्तमी आहे. इथे माणूस आपल्या पायांनी चालत गेला, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी मागे गेला. म्हणून आपलं पोर असलं की त्याला नाद लागतो आणि शेजारचं असलं की ते नादी लागतं. शेजारच्यानं आपल्याला बिघडवलं, तर त्यानं नादाला लावलं. मन कुठेतरी हरवलं होतं, तर "नादात होतो." जमणारच नाही असं काही मनातून काढून टाकलं, तर "नाद सोडला." वडिलांची मर्जी, मुलाची चूक, बायकोची तक्रार, सगळं एका शब्दावर; फरक तेवढा प्रत्ययाचा.

आणि मग कोल्हापूर. इतर ठिकाणी नाद लागतो, आमच्याकडे नाद करतात. "आमचा नाद न्हाई करायचा" हे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगवलेलं तुम्ही वाचलं असेल. तिथे नाद म्हणजे आव्हान, वाटेला जाणं. एखाद्या मल्लानं चटकन डाव टाकला की मैदानातून आवाज येतो, "नादखुळा!" खुळा म्हणजे वेडा. नादानं वेडा झालेला, ही आमच्याकडे शाबासकी आहे. जो शब्द घरात शिवीसारखा वापरतात, तोच चौकात टाळीसारखा वाजतो. ही ताकद मी दुसऱ्या फार शब्दांत पाहिलेली नाही.

(एक खुलासा, कारण मागच्या रांगेतल्या काकांनी मघाशी विचारलं. शाळेत फी माफ व्हायची ती 'नादारी' या कुळातली नाही. ती फारसीतून आली. 'ना' म्हणजे नाही आणि 'दार' म्हणजे बाळगणारा, म्हणून ज्याच्याकडे काही नाही तो नादार.)

पण आवाजाचं वेड कसं झालं? चित्र, चव, वास यांनाही माणूस भुलतो, तरी मराठीनं व्यसनासाठी नेमका कानाचा शब्द का घेतला? यावर मला जे सुचलं ते दत्तगुरूंच्या वाटेनं सुचलं. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा हा दत्तांचा रोजचा नेम आपण लहानपणापासून ऐकतो. भागवतातल्या अकराव्या स्कंधात अवधूत, म्हणजे परंपरेनं दत्तच, यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. संत एकनाथांनी त्यावरच मराठी टीका केली. त्या चोवीस गुरूंत एक हरिण आहे. पारध्याचं गाणं ऐकून ते जागीच थबकतं आणि सापडतं. त्याच्याकडून अवधूत शिकला तो सावधपणा. जुन्या मराठीत अशा जिवाला नादलुब्ध म्हणत. मला वाटतं, नादाच्या दोन अर्थांमधला पूल हे हरिण आहे. डोळे मिटता येतात, पण कानाला पापणी नसते. आवाज न विचारता आत येतो, आणि मग आपण त्याच्या मागे जातो.

कोल्हापुरानं मात्र हरणाचा धडा उलटा गिरवला. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. राजस्थानात जन्मलेला हा माणूस तरुणपणी इतका गायला की आवाज बसला आणि पुष्कळ दिवस परतलाच नाही. नादानंच नाद हिरावून घेतला. परत आलेल्या वेगळ्या, जड आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणलं आणि 1922 साली महाराज जाईपर्यंत ते तिथे होते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडेच शिकल्या. त्याच गावात बाबूराव पेंटर चलतचित्राच्या नादानं झपाटले. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता. त्यांनी आणि चुलतभाऊ आनंदराव यांनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव मध्येच वारले, तरी बाबूराव थांबले नाहीत. कॅमेरा तयार झाला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

महाराजांना स्वतःला कुस्तीचा नाद. रोमला पाहिलेल्या रिंगणावरून त्यांनी खासबाग मैदान बांधवलं. 1912 साली ते खुलं झालं. मैदान मध्ये खोलगट, भोवती चढत जाणारी माती. तिथे हलगी कडाडली की ती नुसती कानात राहत नाही, बसल्या जागेतून अंगात चढते. शेजारीच 1915 चं पॅलेस थिएटर, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. इथे परदेशात तेव्हा संध्याकाळ होती आणि मी फोनवर ज्वाळा बघत होते. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या रात्री मला फोन केले. कुणी तिथे पहिलं नाटक पाहिलं होतं, कुणी शाळेच्या गॅदरिंगला उभं राहिलं होतं. गावाचा नाद जळत होता, याहून नेमकं मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

आता बाबांकडे येते. मला खरं त्यांच्याबद्दलच बोलायचं होतं.

बाबांनी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फेटलिंगला. कास्टिंग साच्यातून निघालं की वाळू झाडायची, उरलेलं लोखंड छिन्नीनं तोडायचं, ग्राइंडर मारायचा. मी सातवीत असताना डबा द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. टांगलेल्या कास्टिंगवर छोट्या हातोडीनं टोला मारला आणि म्हणाले, "ऐक. लोखंड बोलतंय बघ. आत चांगलं असलं की नाद देतंय. भेग असली की बद्द म्हणतंय." पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कारण कळलं. भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि कंप तिथेच विरतो. साध्या बिडाचा नाद तसाही आखूड असतो, कारण त्यातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या कंप गिळून टाकतात. एसजी आयर्न या दुसऱ्या प्रकारच्या बिडात ग्राफाइटचे गोळे होतात, म्हणून ते घंटेसारखं लांब वाजतं. बाबांना पाकळ्या ठाऊक नव्हत्या आणि गोळेही नव्हते. पण आखूड नाद आणि मेलेला नाद यांतला फरक त्यांना एका टोल्यात समजायचा. पुस्तकात वाचलेलं मला त्यांच्या हातोडीमुळेच खरं वाटलं.

दर गुरुवारी कामावरून आले की अंघोळ करून ते शिवाजी पेठेतल्या भजनाला जायचे. ते टाळ वाजवायचे. आई दारात उभी राहून म्हणायची, "अवो, दिवसभर लोखंड बडिवलं त्ये काय कमी झालं?" ते हसायचे आणि जायचे.

पन्नाशीनंतर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. त्या काळात ग्राइंडरपाशी कानाला काही लावायची पद्धत नव्हती. अशा गोंगाटानं कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे बाबांचा टाळ पहिल्यांदा गेला. मृदंग पुढे किती वर्षं ऐकू येत होता, स्वतःच्या हातातला टाळ मात्र नाही. कास्टिंग वाजवून बघायचं कामही मग दुसऱ्याकडे गेलं. त्यांनी त्याबद्दल घरी कधी तक्रार केली नाही. मला अजून राग येतो.

भजन त्यांनी सोडलं नाही. समोरच्या माणसाचा हात बघून ते टाळ धरतात. मृदंगवाल्याच्या खांद्यावरून त्यांना सम कळते. लय वाढली की सगळ्यांची डोकी हलतात, तीही ते बघतात. गेल्या वर्षी मी त्यांच्या शेजारी दीड तास बसले. ते एकदाही चुकले नाहीत. आई म्हणते ते हेच. कान गेले, पण नाद गेला नाही. त्या एका वाक्यात तिची चाळीस वर्षांची कटकट आहे आणि तिचा अभिमानही आहे. 'हॉबी', 'पॅशन' हे शब्द मी मुलीला सांगून पाहिले. त्यांत भजनाला जाणारा माणूस मावतो, पण दारात उभी राहिलेली बाई त्यांत मावत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा मला महाद्वार रोडवर घेऊन गेले. मंडळासाठी काशाचे टाळ घ्यायचे होते. दुकानदारानं जोड्या मांडल्या. बाबा एक जोडी उचलायचे, काठाला काठ लावून सोडायचे आणि माझ्याकडे बघायचे. "थांबला की बोट वर कर." मी ऐकायचे आणि नाद विरला की बोट वर करायचे. ते मनात आकडे मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. पाच जोड्या त्यांनी बाजूला ठेवल्या. सहावीला मी बोट वर करायला फार वेळ लावला. दुकानदारही काम थांबवून ऐकत उभा होता. मी बोट वर केलं तेव्हा बाबा म्हणाले, "हीच घे."

ती जोडी तिकडे खिडकीपाशी, टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी मुलांनी एकेक करून वाजवून बघायची. दोरी ओढायची नाही. काठ आपटायचा नाही, तिरका लावून सोडायचा. आणि नाद थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.