मेल्या की गेल्या?

मंडळी, मधमाश्या पाळणाऱ्यांकडून मला येणारा फोन ठरलेला असतो. ‘सगळ्यो माशयो मेल्यो!’ माझा प्रश्नही ठरलेला: मेलेल्या किती दिसतात? पलीकडे जरा शांतता. मग, ‘मेलेली एकय नाय. पेटी रिकामी आसा.’ अहो, मग त्या मेल्या नाहीत, गेल्या!

आपल्या पेटीत असते ती सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी. जाच झाला की ती घर सोडते. मुंग्या चढू लागल्या, पेटी उन्हात तापली, आषाढ-श्रावणात खायला उरलं नाही, की राणीसकट सगळी वसाहत उठते. त्याआधी राणी अंडी घालणं आवरतं घेते आणि माश्या शिल्लक मध पोटात भरून घेतात. म्हणून पोळ्यात मध नाही, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) नाही आणि तळपाटावर मढंही नाही, असं दिसलं तर बिऱ्हाड हललं समजा. पोळं खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी दिसते, पण तो बहुधा कमजोर किंवा ओसाड घरातच माजतो. बदनाम मात्र तोच.

अमेरिकेत 2006 साली माश्या नाहीशा होण्याचा, ‘कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर’चा, बोभाटा झाला. तिथली लक्षणं वेगळी होती: कामकरी माश्या गायब, पण राणी, पिलावा आणि मध जागच्या जागी. बातमी वाचून आपल्याकडेही लोक तेच नाव घेतात. माश्यांना चिकटणाऱ्या व्हरोआ या कोळीवर्गातल्या किडीचंही तसंच. युरोपियन माशीचा तो कर्दनकाळ खरा, पण त्याचं माहेर सातेरीकडेच. सातेरी त्याला बहुतेक नरांच्या पिलाव्यातच वाढू देते, म्हणून दोघांचं निभतं.

आता खऱ्या मरणाकडे येऊ. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा, बऱ्याचजणींची सोंड बाहेर आलेली, काही अजून गरगर फिरताहेत, असं दिसलं तर विषाचा संशय घ्या. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणी होते. सकाळी चरायला गेलेली माशी त्यात सापडते. फवारायचंच असेल तर पूर्ण उमललेला मोहोर टाळा, आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो पेटी हलवेल. हे शेजाऱ्याला सांगणंच आपल्याला सर्वांत जड जातं, हे मी बघितलंय.

माश्या पोळ्याच्या घरांत, म्हणजे कप्प्यांत, डोकं खुपसून, शेपट्या बाहेर ठेवून मेल्या असतील तर ती उपासमार. चार महिने पाऊस कोसळताना साखरेचा पाक द्यायला आपण विसरलो, एवढाच अर्थ.

सगळ्यात वाईट थाई सॅकब्रूड. हा विषाणू 1976 मध्ये थायलंडमध्ये आढळला आणि 1990 नंतर दक्षिण भारतात त्यानं सातेरीच्या वसाहतींचा धुव्वा उडवला. यात प्रौढ माशी नव्हे, अळी मरते. कोष होण्याआधीच, घरात उभी पसरलेली, टोक वर वळलेलं. चिमट्यानं हळूच ओढली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी अखंड निघते. औषध नाही. जी वसाहत तगली तिचीच पैदास वाढवायची. अळी घरावर झाकण बसण्याआधीच वेडीवाकडी, पिवळट पडून मेली आणि आंबूस वास आला, तर तो बहुधा जिवाणूचा रोग. दोन्हींत पोळ्याच्या चौकटींची एका पेटीतून दुसरीत अदलाबदल करायची नाही.

माझी पहिली पेटी गेली तेव्हा मी शहाणपणा केला: गरम पाण्यानं घासूनपुसून उन्हात ठेवली. पंचनाम्याआधीच जागा स्वच्छ! कशानं गेली, आजही कळलेलं नाही. म्हणून तुम्ही काही हलवू नका, आधी चौकटीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. विषाचा संशय असेल तर मूठभर ताज्या मेलेल्या माश्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. आमच्याकडे तो डबा सुरमईच्या शेजारी होता. त्यावरून घरात काय झालं ते विचारू नका.

बाहेर टेबलावर दोन जुन्या चौकटी ठेवल्यात. एक उपासमारीची, एक पळून गेलेल्या वसाहतीची. सॅकब्रूडची मुद्दाम आणली नाही, तुमच्या हातांवरून तो रोग तुमच्याच बागेत जाईल. चहा घेत घेत बघा. कुठली कुठली ते मी सांगणार नाही.