आत्याची वही

[दृश्य: सांगलीतलं स्वयंपाकघर. ओट्यावर दोनशेपानी वही, तिच्यावर पिठाचे ठसे.]

आत्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे न्यू जर्सीला निघाली आहे. व्हिसा झाला, तिकीट झालं, राहिलं ते इंग्रजी. आणि तेही तिला सगळं नकोय. "गप्पा मारायला जावई आहे. मला दुकानात मागता आलं पाहिजे आणि पुड्यावरचं वाचता आलं पाहिजे," एवढीच तिची अट. म्हणून ही वही. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी उच्चार, पण देवनागरीत.

पहिल्या पानावर भाज्या, आणि पहिल्याच ओळीत वांगं आडवं आलं. शाळेत ती ब्रिंजल शिकली होती. हा शब्द पोर्तुगिजांमार्फत आला आणि भारतात छान रुळला. पण लंडनच्या बाजारात वांग्याला ऑबर्जिन म्हणतात, अमेरिकेत एगप्लांट. युरोपात सुरुवातीला माहीत झालेली काही वांगी पांढरी, कोंबडीच्या अंड्याएवढी होती, म्हणून हे नाव. भेंडी तिकडे ओक्रा, ढोबळी मिरची बेल पेपर. कोथिंबीर सिलँट्रो, धने मात्र कोरिअँडरच. शाळेतल्या शब्दांवर आत्या एकेक काट मारत गेली. जरा चिडूनच.

बटाट्यापाशी तिचा राग उतरला. बटाटा आणि पोटॅटो ही एकाच घरातली भावंडं. कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा हा मूळ शब्द, तोही रताळ्यासाठीचा. स्पॅनिशमधून तो इंग्रजीत गेला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. काजू आणि कॅश्यूचं तेच, फक्त त्यांचं माहेर ब्राझीलमधल्या तुपी भाषेत. "म्हणजे अर्धं मला येतंच की," आत्या म्हणाली.

[दृश्य: गॅसवर चहा, शेजारी कुकरची शिट्टी.]

खरा घोळ पुढे, क्रियापदांत. चहा उकळतो, बटाटा उकडतो. इंग्रजीत दोन्हींना बॉइल. मोदकही उकडतात, पण त्यांना पाणी लागत नाही, नुसती वाफ लागते, म्हणून तिथे स्टीम. चटणी वाटली काय, गहू दळले काय, दोन्ही ग्राइंड. इथे आपली भाषा बारीक कातते, इंग्रजी जाड.

भाजण्याच्या बाबतीत उलटं. शेंगदाणे रोस्ट होतात, पावाचा काप टोस्ट होतो, केक बेक होतो. वरून आच देऊन भाजलं, तर ब्रिटनमध्ये ग्रिल आणि अमेरिकेत ब्रॉइल. आपण या सगळ्याला भाजणं म्हणून मोकळे होतो. आत्यानं विचारलं, "आणि भरताचं वांगं?" मी रोस्ट लिहिलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते रोस्ट म्हणजे रवा. शेवटी पुढे 'ओव्हर अ फ्लेम' जोडलं, तेव्हा कुठे तिनं पान उलटलं.

मला सगळ्यात आवडतं ते करंजीचं पान. मैद्यात कडकडीत मोहन घालायचं आणि चोळायचं, म्हणजे पारी खुसखुशीत होते. इंग्रजीत मैद्यात लोणी चोळण्याला रब इन म्हणतात. तिकडे ते थंड असतं, पण हात तेच करतात. आणि खुसखुशीतला त्यांचा शब्द आहे शॉर्ट! आखूड या अर्थाचाच शब्द. मैद्यात पाणी पडलं की त्याचे चिवट, लांब धागे तयार होतात. स्निग्ध पदार्थ ते लांबू देत नाही. शॉर्टब्रेड हे बिस्किटाचं नाव त्यातलंच, आणि डब्यावर शॉर्टनिंग लिहिलेलं असतं ते आपल्या डालड्याच्या जातीचं. आत्यानं मोहन या शब्दापुढे तीन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "त्यांनाही कळतं म्हणजे."

मापांची पानं तिनं भराभर संपवली. अमेरिकन कप साधारण 240 मिलिलिटरचा. तिच्या वाटीनं मोजला, तर दीड वाटी आणि वर थोडं. टीस्पून 5, टेबलस्पून 15. ओव्हनला 350 लिहिलेलं दिसलं, तर घाबरायचं नाही, ते फॅरनहाइट; आपले 177 अंश. आणि मटण मागितलं, तर तिकडे ते मेंढीचं समजतील. बोकडाचं हवं असेल, तर सरळ गोट म्हणायचं. हे आत्याला अजून उद्धट वाटतं.

खमंगची ओळ मात्र कोरी राहिली. क्रिस्प म्हटलं तर वास जातो, अरोमॅटिक म्हटलं तर अगरबत्ती आठवते. दोन दिवस आम्ही दोघं त्या ओळीवर बसलो होतो.

[दृश्य: उघडी बॅग. साड्यांमध्ये भाजणीची पिशवी.]

आता बॅग भरायची. थालिपिठाची भाजणी नेल्याशिवाय आत्या घराबाहेर पडणार नाही, आणि विमानतळावर विचारलं तर सांगता आलं पाहिजे. पिशवीवर चिठ्ठी हवी. भाजलेलं, म्हणजे रोस्टेड. पीठ, म्हणजे फ्लॉवर.

"फ्लॉवर? ही काय भाजी आहे?"

मी सांगितलं की पीठ आणि फूल, दोन्हींचा उच्चार इंग्रजीत सारखाच, कारण मुळात शब्दच एक. दळलेल्या गव्हाचा सगळ्यात उत्तम भाग तो गव्हाचं फूल. स्पेलिंग पुढे वेगळी झाली. आत्यानं ऐकून घेतलं, चिठ्ठी चिकटवली. बॅगेची चेन लावता लावता पुटपुटली, "रोस्टेड फ्लॉवर."

मग परत चेन उघडली, मार्कर घेतला आणि चिठ्ठीच्या खाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: भाजणी.